खासगी, सार्वजनिक, आधुनिक : एका कलासंग्रहाचे संस्थात्मक स्थित्यंतर

१. संज्ञेचा प्रश्न

ज्या संस्थेस आज आपण ‘वस्तुसंग्रहालय’ म्हणतो, तिला जुन्या मराठीत ‘अजबखाना’ अथवा ‘अजायबखाना’ म्हणत असत. यातील ‘अजब’ हा शब्द अरबी, तर ‘खाना’ हा फारसी. नाव परके असले तरी ते संस्थेच्या एका अंगाचे नेमके वर्णन करणारे होते. पाहणाऱ्याच्या मनात जो विस्मय उत्पन्न होतो, त्यावरून हे नाव पडले. ‘संग्रहालय’ ही पुढची संज्ञा संस्कृताच्या आधाराने घडली. ‘सम्’ या उपसर्गाने युक्त अशा ‘ग्रह्’ धातूचा अर्थ एकत्र धरणे, गोळा करणे असा होतो. म्हणजे या दुसऱ्या नावात पाहणाऱ्याच्या विस्मयाला स्थान राहिले नाही. वस्तू जमविणाऱ्याच्या कृतीला ते मिळाले.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. अजबखान्याचे अस्तित्व पाहणाऱ्यावाचून संभवत नाही. संग्रह मात्र पाहणारा एकही नसताना पुरा होऊ शकतो. कुलूपबंद दिवाणखान्यातही तो संग्रहच असतो. म्हणून खासगी संग्रहातून जी संग्रहालये निर्माण झाली, त्यांच्या इतिहासात एक प्रश्न अटळ आहे. एका व्यक्तीने आपल्या आवडीने आणि आपल्या द्रव्याने जे जमविले, ते सर्वांचे केव्हा होते? इमारतीचे उद्‌घाटन झाले म्हणजे होते, की दानपत्रावर सही झाली म्हणजे होते, की आणखी काही घडावे लागते?

प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार मुख्यतः मुंबईतील जहांगीर निकल्सन यांच्या आधुनिक चित्रसंग्रहाच्या आधारे केला आहे. तुलनेसाठी औंध येथील श्रीभवानी संग्रहालय आणि पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय ही दोन उदाहरणे घेतली आहेत. निष्कर्षाची कसोटी म्हणून ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील शहापूर व मुरबाड हे दोन तालुके समोर ठेवले आहेत. मुंबईच्या इतक्या निकट असूनही मुंबईच्या कलाव्यवहाराच्या बाहेर राहिलेला हा प्रदेश ‘सार्वजनिक’ या विशेषणात बसतो की नाही, हे पाहिल्यावाचून त्या विशेषणाचा खरा अर्थ कळावयाचा नाही.

२. ‘खासगी’ : औंधचे उदाहरण

‘खासगी’ या शब्दाचा (त्याचेच ‘खाजगी’ हे रूप आज अधिक प्रचारात आहे) मराठी राज्यव्यवहारात एक विशिष्ट अर्थ होता. राज्यकर्त्याच्या घरखर्चाचे आणि स्वतंत्र उत्पन्नाचे जे खाते असे, त्यास ‘खासगी’ म्हणत. राज्याच्या जमाखर्चाचे खाते त्याहून वेगळे, ते ‘दौलत’. होळकरांच्या राज्यात हा भेद काटेकोरपणे पाळला जाई. अहिल्याबाईंनी भारतभर मंदिरे, घाट व धर्मशाळा उभारल्या, त्यांच्यामागे खासगीचे मोठे उत्पन्न होते. तेव्हा ‘खासगी’ म्हणजे लोकांशी संबंध नसलेले, असा अर्थ मुळात नव्हता. खासगीतून लोकोपयोगी कार्य होत असे. मात्र ते करावयाचे की नाही आणि कसे करावयाचे, याचा निर्णय धन्याच्या मर्जीवर अवलंबून असे.

औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांचा कलासंग्रह या अर्थाने खासगीतला होता. १९०९ साली ते गादीवर आले. ते स्वतः चित्रकार होते. १९१६ सालचे त्यांचे ‘चित्ररामायण’ प्रसिद्ध आहे. अजिंठा व वेरूळ या दोन्ही लेण्यांवर त्यांनी ग्रंथ लिहिले. जे. जे. कलाशाळेत शिकलेले चित्रकार आणि पुढे वेदांचे भाष्यकार म्हणून ख्याती पावलेले पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर १९१८ साली औंधास येऊन राहिले, यावरून त्या लहानशा संस्थानाच्या वातावरणाची कल्पना येते. १९३८ साली यमाईच्या डोंगराच्या परिसरात पंतांनी आपल्या संग्रहासाठी संग्रहालय सुरू केले. राजा रविवर्मा यांची चित्रे, निरनिराळ्या भारतीय शैलींची लघुचित्रे, युरोपीय अभिजात चित्रांच्या प्रतिकृती यांच्या जोडीस तेथे हेन्री मूर (१८९८–१९८६) या इंग्रज शिल्पकाराचे ‘माता व बालक’ हे पाषाणशिल्प आहे. विसाव्या शतकातील युरोपीय शिल्पकलेतील एका अग्रगण्य कलावंताची कृती सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात असावी, ही गोष्ट कलेतिहासाच्या विद्यार्थ्यांनीही पुरेशी ध्यानात घेतलेली नाही.

संग्रहालयाच्या स्थापनेचा काळ अर्थपूर्ण आहे. १९३८–३९ या वर्षांतच पंतांनी आपले राज्याधिकार प्रजेच्या हाती सोपविण्याचा निर्णय घेतला आणि महात्मा गांधी व मॉरिस फ्रीडमन यांच्या साहाय्याने तयार झालेली औंधची स्वराज्यघटना १९३९ च्या जानेवारीत अमलात आली. सत्ता लोकांकडे जात असता संग्रहही लोकांसाठी खुला झाला, असे या दोन घटनांचे नाते दिसते. पुढे ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले आणि कालांतराने संग्रहालय राज्यशासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये या खात्याकडे आले. येथे खासगीचे रूपांतर सार्वजनिकात झाले ते राज्यक्रांतीच्या ओघात.

त्याच १९३८ साली नेदरलँड्समध्ये ओटर्लो येथील अरण्यप्रदेशात क्रोलर-म्युलर संग्रहालय उघडले. हेलेने क्रोलर-म्युलर (१८६९–१९३९) या बाईंनी जमविलेला, विशेषतः व्हान गॉगच्या चित्रांनी समृद्ध असा संग्रह १९३५ साली डच राज्याला देण्यात आला होता. दोन्ही संग्राहक समवयस्क, दोन्ही संग्रहालये महानगरापासून दूर आणि दोहोंचा शेवट राज्याच्या स्वामित्वात. भेद आहे तो पुढील काळातला. ओटर्लोच्या संग्रहालयाचा पुढे विस्तार होत गेला आणि जगभरच्या अभ्यासकांची तेथे ये-जा राहिली. औंधचे नाव मराठी माणसास देवीच्या यात्रेमुळे अधिक ठाऊक आहे. यावरून एवढे तरी सिद्ध होते की, स्वामित्वाचे हस्तांतर ही संग्रहालयाच्या जीवनाची सुरुवात आहे, परिपूर्ती नव्हे.

३. मुंबई : संग्राहकाचा उदय

मुंबईतील आधुनिक कलेच्या संग्रहाची परिस्थिती औंधपेक्षा वेगळी होती. येथे दरबार नव्हता, व्यापार होता. ज्या संस्थेला आज ‘छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय’ असे नाव आहे, त्या पूर्वीच्या ‘प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम’ची पायाभरणी १९०५ साली झाली आणि ते १९२२ साली लोकांसाठी उघडले. परंतु त्याच्या कलाविभागाचा पाया सरकारी खरेदीपेक्षा खासगी संग्रहांनी घातला. शेठ पुरुषोत्तम मावजी यांचा संग्रह १९१५ साली तेथे आला. सर रतन टाटा व सर दोराब टाटा यांचे संग्रह अनुक्रमे १९२१ व १९३३ या वर्षींच्या देणग्यांतून मिळाले. म्हणजे मुंबईचे हे प्रमुख संग्रहालयदेखील धनिकांच्या दिवाणखान्यांतूनच उगम पावले.

या संग्रहांत समकालीन भारतीय चित्रकलेला महत्त्वाचे स्थान नव्हते. ते मिळण्यासाठी नवी परिस्थिती निर्माण व्हावी लागली. १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्‌स ग्रूपची स्थापना झाली. त्याच्या सहा संस्थापकांत सूझा, रझा, आरा व हुसेन यांच्याबरोबर हरी अंबादास गाडे आणि सदानंद बाकरे हे दोघे मराठी कलावंत होते. वासुदेव गायतोंडे पुढे त्या गटात आले. या तरुणांना पहिला आधार मिळाला तो हिटलरशाहीच्या काळात युरोप सोडून मुंबईस आलेल्या रसिकांकडून. रूडॉल्फ फॉन लायडेन यांनी त्यांच्यावर समीक्षा लिहिली, वॉल्टर लँगहॅमर यांनी मार्गदर्शन केले आणि इमॅन्युएल श्लेसिंगर यांनी त्यांची चित्रे विकत घेतली. डॉ. होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी याच पिढीची चित्रे निवडून घेतली. १९५२ साली सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून जहांगीर कलादालन उभे राहिले आणि १९६३ साली केमोल्ड व पंडोल ही दालने सुरू झाली. कलावंत, समीक्षक, विक्रेता आणि ग्राहक असे सर्व घटक याप्रमाणे दोन दशकांत एकत्र आले.

याच वातावरणात जहांगीर निकल्सन (१९१५–२००१) यांनी संग्रहास आरंभ केला. (जहांगीर कलादालनाचे नाव सर कावसजींच्या पुत्राच्या स्मरणार्थ ठेवलेले आहे, त्याचा निकल्सन यांच्याशी संबंध नाही.) निकल्सन हे पारशी गृहस्थ, व्यवसायाने सनदी लेखापाल आणि कापसाच्या व्यापारातले. १९६८ साली त्यांनी शरद वायकूळ या चित्रकाराचे एक चित्र विकत घेतले; हीच त्यांच्या संग्रहाची सुरुवात होय. त्यावेळी त्यांचे वय पन्नाशीच्या पुढे होते. पुढील तीन दशकांत सुमारे ८०० कलाकृती त्यांनी जमविल्या. हुसेन, रझा, सूझा, आरा, गायतोंडे, तय्यब मेहता, अकबर पदमसी, कृष्ण खन्ना, प्रभाकर बरवे अशी स्वातंत्र्योत्तर चित्रकलेतील बहुतेक प्रमुख नावे त्यात आढळतात. चित्रकार लक्ष्मण श्रेष्ठ हे त्यांचे स्नेही व सल्लागार होते.

या संग्रहाचे वैशिष्ट्य असे की, तो बहुतांशी हयात कलावंतांचा आणि मुख्यतः एका शहराच्या कलाजीवनाशी निगडित असा आहे. प्राचीन वस्तू जमविणाऱ्यास काळाने आधीच केलेली निवड आयती मिळते. समकालीन चित्रे घेणाऱ्यास ती सोय नसते. कोणते चित्र टिकेल याविषयीचा निर्णय त्याला स्वतःच्या जबाबदारीवर करावा लागतो. म्हणून असा संग्रह म्हणजे एका व्यक्तीच्या रुचीचा आलेख आणि त्याच वेळी एका कालखंडाचा दस्तऐवज असतो. या दोन्ही गोष्टी परस्परांपासून वेगळ्या करता येत नाहीत, आणि पुढे उद्‌भवणाऱ्या सर्व अडचणींचे मूळ येथेच आहे.

४. ‘सार्वजनिक’ : अर्थ आणि अट

निकल्सन यांनी संग्रह आपल्या घरापुरता ठेवला नाही. १९७६ साली नरिमन पॉइंट येथील राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात त्यांच्या नावाचे आधुनिक कलेचे दालन सुरू झाले. दिल्लीत केंद्र सरकारचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय १९५४ पासून होते. परंतु त्याची मुंबईतील शाखा सर कावसजी जहांगीर सभागृहात उघडली ती १९९६ साली. अर्थात मधल्या वीस वर्षांत या शहरात आधुनिक भारतीय चित्रकला एकत्र पाहावयाची तर एका व्यक्तीच्या संग्रहाकडे जावे लागे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

या संग्रहासाठी स्वतंत्र संग्रहालय व्हावे ही निकल्सन यांची इच्छा त्यांच्या हयातीत फलद्रूप झाली नाही. २००१ साली ते निवर्तले. त्यांच्या पश्चात संग्रहाची व्यवस्था त्यांच्या नावाच्या न्यासाकडे आली. या न्यासाने छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाशी ठराविक मुदतीचा करार केला आणि २०११ च्या एप्रिलमध्ये त्या वास्तूच्या पूर्वेकडील भागात निकल्सन संग्रहाचे दालन उघडले. दालनातील पहिले प्रदर्शन मुंबईच्या चित्रकारांच्या सहा दशकांच्या कार्यावर होते.

येथे तीन प्रकारांची तुलना उपयुक्त ठरेल. औंधचा संग्रह राज्यांतराच्या ओघात शासनाकडे गेला. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०), जे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत, त्यांनी सुमारे १९२० पासून जमविलेल्या दिवे, अडकित्ते, वाद्ये, कोरीव दारे अशा वस्तूंचा प्रचंड संग्रह १९७५ साली महाराष्ट्र शासनाला अर्पण केला. अकाली निवर्तलेल्या आपल्या मुलाचे नाव त्यांनी संग्रहालयाला दिले होते. हे पूर्ण दान होय. निकल्सन संग्रहात मात्र स्वामित्व न्यासाकडे, वास्तू दुसऱ्या संस्थेची आणि दोहोंतील संबंध कराराचा, अशी त्रिविध रचना आहे. पहिल्या दोन प्रकारांत संग्रहाला स्थैर्य लाभते; परंतु नवीन भर पडणे शासनाच्या तरतुदीवर अवलंबून राहते. तिसऱ्या प्रकारात नवी प्रदर्शने, नवे अभ्यास, इतर संग्रहांशी देवघेव यांना वाव अधिक; मात्र मुदतीचा करार हा मुदतीचाच असतो.

आता ‘सार्वजनिक’ या शब्दाकडे वळावयाचे. ‘सर्वजन’ यावरून साधलेला हा शब्द मराठी राजकीय परिभाषेत दृढ झाला तो १८७० साली स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेमुळे. गणेश वासुदेव जोशी यांना लोकांनी ‘सार्वजनिक काका’ हे नाव दिले, इतका तो शब्द त्या सभेशी एकरूप झाला. या सभेची एक अट विशेष लक्षणीय होती. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान पन्नास प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे, असा नियम होता. ‘सार्वजनिक’ म्हणवून घेणाऱ्याने कोणाच्या वतीने आपण बोलतो हे कागदावर दाखविले पाहिजे, हा त्यातील आशय. पुढे सार्वजनिक बांधकाम, सार्वजनिक वाचनालय, सार्वजनिक न्यास अशा समासांत हा शब्द सैल झाला आणि ‘ज्यास मज्जाव नाही असे’ एवढाच त्याचा अर्थ उरला. १९५० सालच्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या नावातही तो शब्द आहे. तेथे तो कायद्याच्या देखरेखीचा वाचक आहे.

संग्रहालय या दुसऱ्या, सैल अर्थाने सार्वजनिक होणे सोपे आहे. दार उघडे ठेवले आणि तिकीट लावले की ते साधते. पहिल्या अर्थाने सार्वजनिक होण्यासाठी मुखत्यारी मिळवावी लागते, आणि ती देणारे लोक दाराशी आपण होऊन येतातच असे नाही.

५. शहापूर–मुरबाडची कसोटी

शहापूर आणि मुरबाड हे तालुके मुंबईपासून सुमारे शंभर किलोमीटरांच्या आत आहेत. २०१४ च्या ऑगस्टमध्ये पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्याचा जो ग्रामीण भाग शिल्लक राहिला, त्यात हे दोन प्रमुख होत. शहापूरकरांना आसनगाव स्थानकावरून लोहमार्गाची सोय आहे. मुरबाडची वाट कल्याणहून सडकेने जाते. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली, तसेच कुणबी व आगरी अशी वस्ती या भागात आहे.

मुंबई शहराचा या प्रदेशाशी संबंध जुना आहे. १८९२ साली पूर्ण झालेला तानसा तलाव शहापूर तालुक्यात आहे. पुढे भातसा धरणही याच तालुक्यात झाले. मुंबईकर जे पाणी पितो, त्याचा मोठा भाग येथून जातो आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. या वस्तुस्थितीचा उल्लेख येथे केवळ खेदासाठी केलेला नाही. पाणीपुरवठा हे नगराचे सार्वजनिक कार्य आहे. परंतु त्या ‘सर्वजनां’त पाणी देणाऱ्या गावाचा समावेश कधी होतो आणि कधी होत नाही, हे त्यावरून स्पष्ट दिसते. कलासंग्रहालयाच्या बाबतीत प्रश्न याच स्वरूपाचा आहे, जरी त्याची झळ तितकी तीव्र नसली तरी. संग्रहालय नगरात असते, त्याच्या पाट्या व पुस्तिका नगराच्या शिक्षणाला धरून असतात आणि एक दिवसाची मजुरी बुडवून तेथे जाणे मुरबाडच्या शेतमजुराला परवडण्यासारखे नसते. त्याला मज्जाव कोणीच केलेला नाही. त्याची मुखत्यारीही कोणी घेतलेली नाही.

ही उणीव संग्रहालयांच्या ध्यानात आलेली नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ साली फिरते संग्रहालय सुरू केले आणि बसगाडीतून वस्तू व प्रतिकृती शाळांपर्यंत व गावांपर्यंत नेण्याचा उपक्रम हाती घेतला. औंध व ओटर्लो यांनी, महानगराबाहेरही आधुनिक कलेचा संग्रह नांदू शकतो हे दाखविले. फिरत्या संग्रहालयाने संग्रह आपल्या जागेवरून हलू शकतो हे दाखविले. तरीही एक मूलभूत अडचण शिल्लक राहते. या सर्व योजनांत ग्रामीण माणूस पाहणारा म्हणून गृहीत धरलेला असतो. तो स्वतः चित्र काढणारा आहे, ही गोष्ट बाजूस राहते.

६. ‘आधुनिक’ : शब्दाची व्याप्ती

‘आधुनिक’ हे विशेषण ‘अधुना’ म्हणजे ‘आता’ या अव्ययावरून साधलेले आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने जे आताचे ते आधुनिक. मराठी कलाविचारात मात्र तो शब्द एका विशिष्ट परंपरेचा वाचक झाला. पॅरिस व लंडन येथील चळवळींशी संवाद साधणारी, चौकटीत बसविता येणारी, कलावंताच्या सहीची आणि दालनातून विक्रीस येणारी कला ती आधुनिक, असा अलिखित संकेत रूढ झाला. संग्राहकाने हा संकेत निर्माण केला नाही; तथापि संग्रहाने त्याला घट्ट रूप दिले, कारण संग्रहात जे येते तेच पुढील पिढीला त्या काळाची कला म्हणून दिसते.

या संकेताची मर्यादा उत्तर कोकणात विशेष स्पष्ट होते. वारली समाजात लग्नाच्या वेळी घरातील भिंतीवर तांदळाच्या पिठाने ‘चौक’ काढतात. तो सुवासिनी काढतात. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असते. या परंपरेचा अभ्यास मुख्यतः डहाणू, तलासरी, जव्हार या बाजूस झाला. १९७० नंतरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी डहाणूकडे जाऊन या कलेचा शोध घेतला; त्यातून जिव्या सोमा मशे यांचे नाव पुढे आले. १९७५ साली मुंबईतील केमोल्ड दालनात मशे यांच्या चित्रांचे प्रदर्शन झाले. पुढे २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता तारखांचा मेळ पाहावा. १९७५ साली मशे यांची चित्रे मुंबईच्या एका आधुनिक दालनात लागली आणि १९७६ साली त्याच शहरात निकल्सन यांचे आधुनिक कलेचे दालन उघडले. कालदृष्ट्या ही दोन्ही एकाच ‘अधुने’ची फळे होत. असे असूनही पहिल्या चित्रांना ‘आदिवासी कला’ व दुसऱ्यांना ‘आधुनिक कला’ असे म्हणण्याचा प्रघात पडला. मशे यांनी भिंतीवरची कला कागदावर व कापडावर आणली, तिला स्वतःची सही दिली, रेषेत व रचनेत स्वतंत्र प्रयोग केले. म्हणजे आधुनिकतेची जी बाह्य लक्षणे सांगितली जातात, ती त्यांच्या कामात आहेत. तेव्हा हा भेद कलाकृतीच्या गुणांवरून केलेला नसून कलावंताच्या जातिकुलावरून व गावावरून केलेला आहे, असा निष्कर्ष काढावा लागतो.

याच्या उलट बाजूचाही विचार केला पाहिजे. लग्नाचा चौक हा जतन करण्यासाठी काढलेला नसतो. लग्न पार पडले की त्याचे कार्य संपते. धुराने, ओलीने तो विरतो आणि पुढील लग्नात नव्याने काढला जातो. संग्रह व चौक या दोन परस्परविरुद्ध प्रवृत्ती आहेत. एकीत वस्तू राहते आणि ती करणारा हात नाहीसा होतो. दुसरीत वस्तू नाहीशी होते आणि करणारा हात राहतो, कारण आईकडून मुलीकडे तो चालत येतो. संग्रहालयाने चौक कागदावर आणून चौकटीत बसविला म्हणजे त्याने ती परंपरा राखली, असे समजणे बरोबर नाही. त्याने तिचा एक क्षण राखला. परंपरा राखावयाची तर तो हात आणि तो प्रसंग राहावा लागतो, आणि ते काम संग्रहालयाच्या भिंतीआड होऊ शकत नाही.

७. नावे आणि नोंदी

मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावावरून नाणेघाटाची प्राचीन वाट चढते. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा सुप्रसिद्ध ब्राह्मी लेख आहे. त्याच लेण्यात सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या मूर्ती एका रांगेत कोरलेल्या होत्या आणि प्रत्येकीच्या वर तिचे नाव प्राकृतात लिहिलेले होते. येणाऱ्याजाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या डोळ्यांसमोर, ऐन हमरस्त्यावर मांडलेली ही राजघराण्याची व्यक्तिचित्रमाला होती. पंडित भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर इत्यादी विद्वानांनी एकोणिसाव्या शतकात या लेखांचे वाचन केले, तेव्हा मूर्ती जवळजवळ नष्ट झालेल्या होत्या. सिमुक, नागनिका, सातकर्णी ही नावे मात्र वाचता आली, आणि सातवाहनांच्या आरंभीच्या इतिहासाचा मोठा भाग त्या नावांवर उभा आहे.

संग्रहाच्या इतिहासाला यातून एक धडा मिळतो. वस्तू नष्ट झाली तरी नोंद राहिली तर इतिहास उभा राहतो. वस्तू राहिली आणि नोंद गेली तर ती पुन्हा ‘अजब’ होऊन बसते. केळकर संग्रहालयातील शेकडो दिवे व अडकित्ते पाहताना ही उणीव जाणवते. त्यांचा संग्राहक ठाऊक आहे, कारागीर बहुधा ठाऊक नाही. आधुनिक चित्रसंग्रहात कारागिराचे नाव असते. कारण तेथे नावावरच मोल ठरते. पण चित्र कोणत्या प्रसंगी घेतले, कोणती नाकारली, चित्रकाराशी काय बोलणे झाले, याची नोंद क्वचितच प्रकाशित होते. खासगी संग्रहाचे संग्रहालय होताना सर्वांत आधी हरवते ती ही निवडीची कथा. ती गेली की एका माणसाची रुची हीच कालखंडाची रुची होती, असा समज अभ्यासकांत बळावतो.

मराठी भाषेपुरता हा प्रश्न आणखी एका बाजूने पाहता येतो. आधुनिक चित्रकलेविषयी मराठीत मौलिक लेखन झाले आहे. द. ग. गोडसे यांचे ‘पोत’ (१९६३) आणि प्रभाकर बरवे यांचे ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) ही नावे सहज आठवतात. विणकराच्या भाषेतील ‘पोत’ हा शब्द गोडसे यांनी कलाविचाराला दिला, यावरून बोलीतील शब्दांत किती सामर्थ्य असते ते दिसते. शहापूर–मुरबाडकडील ठाकूर, कातकरी व वारली बोलींत भिंत सारवणे, पीठ कालविणे, रेघ ओढणे, आकृती भरणे यांसाठी जे शब्द आहेत, त्यांचा संग्रह पद्धतशीरपणे व्हावयास हवा. वस्तू जमविणारे निघाले. शब्द जमविणारे थोडे. ज्या पिढीच्या तोंडी ते शब्द आहेत ती वृद्ध झाली आहे, आणि भिंतीवरचा चौक पुन्हा काढता येतो तसा विसरलेला शब्द पुन्हा काढता येत नाही.

८. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, खासगी संग्रहाचे सार्वजनिक संग्रहालय होणे ही एका दिवसाची घटना नाही. प्रथम स्वामित्व बदलते. हे औंधास विलीनीकरणाने झाले, पुण्यास दानाने झाले, मुंबईस न्यास व करार यांच्या द्वारा झाले. त्यानंतर संग्राहकाच्या निवडीची तपासणी व्हावी लागते आणि तिच्या मर्यादा उघडपणे मांडाव्या लागतात. निकल्सन यांनी एका शहराची व एका पिढीची चित्रकला जपली, हे त्यांचे मोठे कार्य होय. ती चित्रकला म्हणजेच महाराष्ट्राची आधुनिक कला, असे समीकरण मांडणे हा मात्र संग्रहालयांचा व अभ्यासकांचा दोष होईल, संग्राहकाचा नव्हे. या दोन पायऱ्या ओलांडल्यावर लोकांची मुखत्यारी मिळविण्याची पायरी येते, आणि महाराष्ट्रात तिचे काम अद्याप प्राथमिक अवस्थेत आहे.

‘संग्रह’ या शब्दाला मराठी विचारपरंपरेत आणखी एक सोबती आहे, तो म्हणजे ‘लोकसंग्रह’. गीतेतील या संज्ञेचे विवरण करताना लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) संग्रह म्हणजे नुसते गोळा करणे नसून राखणे, पाळणे व योग्य मार्गास लावणे हाही अर्थ त्यात आहे, असे प्रतिपादिले. वस्तूंच्या संग्रहाची जबाबदारीही गोळा करण्याने संपत नाही. कोणत्या लोकांसाठी आणि कोणत्या लोकांसह तो राखावयाचा, याचा निर्णय दर पिढीला नव्याने करावा लागतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुरते बोलावयाचे तर त्यांच्यापुढे दोन कामे ताबडतोब हाती घेण्याजोगी आहेत. खासगी संग्राहकांची पत्रे, पावत्या व टाचणे जेथे उपलब्ध होतील तेथे त्यांची सूची करणे हे एक. आणि शहापूर, मुरबाड यांसारख्या तालुक्यांत जाऊन चित्र काढणाऱ्या स्त्रियांकडून त्या क्रियेची शब्दावली, त्यांच्या नावानिशी आणि त्यांच्या संमतीने, उतरवून घेणे हे दुसरे. पहिल्या कामाचे साहित्य कपाटांत आहे आणि ते काही वर्षे थांबू शकेल. दुसऱ्याचे तसे नाही.